अर्ध्या पत्त्याची परीक्षा

गुरुलिंगअप्पा नळदुर्गात छत्तीस वर्षं पोस्टमन होते, आणि माणसाची ओळख करून घ्यायची त्यांची रीतच उलटी होती. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग गल्ली आणि सगळ्यात शेवटी नाव. मला सुरुवातीला वाटलं, म्हातारा खडूस दिसतोय, नाव विचारायचं सोडून फौजदारासारखी चौकशी करतोय. पुढं कळलं की पोस्टात पत्ता खालून वर वाचतात. ती सवय अप्पांना जी जडली ती जडलीच. लग्नपत्रिकासुद्धा ते खालून वर वाचत. आधी आहेराची सूचना, मग मंगल कार्यालय, मग मुहूर्त, मग मामा-काकांची रांग, आणि सगळं वाचून झाल्यावर मान वर करून विचारत, "पर लगीन कुणाचंय ह्ये?"

मी तुळजापूरची. नळदुर्गच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा माझ्या धाकट्या भावानं पहिल्याच महिन्यात माझा पत्ता हरवला. पट्ठ्यानं पाकिटावर लिहिलं, ‘नवीन बाई, शाळा, नळदुर्ग’, आणि मागं नुसतं ‘तुझा भाऊ’. गावात शाळा चार आणि त्या वर्षी नव्या बाई तीन. तिसऱ्या दिवशी अप्पा माझ्या दारात. उंबऱ्याबाहेर उभे, पाकीट छातीशी धरलेलं.

"तुमचं असंल का ह्ये?"

"बघू की. दुसऱ्या कुणाचं असलं तर?" मी म्हटलं.

अप्पांनी पाकीट लगेच माझ्या हातात दिलं. "तुमचंच हाय. बाकी दोघी म्हणल्या, आमचंच असंल, द्या. ज्या घरात भाऊ असला वेंधळा, त्या घरात एक तरी माणूस कडक असतंय."

मला राग यावा की हसू, हेच कळेना. पत्र माझंच होतं.

रिटायर झाल्यावरही अप्पा रोज खाकी शर्टच घालायचे. बायको आधीच गेली होती, मुलगा हैदराबादला. दुपारचं जेवण निळव्वाच्या खानावळीत, आणि सकाळची शाळा सुटली की मीही तिथंच. ही निळव्वा म्हणजे निलांबिका. बसस्टँडजवळच्या एका गाळ्यात एकटीनं खानावळ चालवणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई. माहेर कर्नाटकात, त्यामुळं रागावली की कानडीत आणि खूश झाली की मराठीत. अप्पा तिच्याही उंबऱ्याबाहेर उभे राहून हाक मारत, "निलांबिका हाय का?" ती आतून ओरडे, "यप्पा! रोज कुटं जातीय मी? या की आत!" मगच अप्पा पाय उचलणार. छत्तीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहिलेला माणूस. न बोलावता आत जाणं त्यांना जमायचंच नाही.

ताटात भाकरी आली की ती आधी पार्सल जोखावं तशी तळहातावर घ्यायची, दोनदा वरखाली करायची. "आज पाच-सात ग्रॅम कमी हाय." निळव्वा चिडायची. एकदा पंक्चरवाल्या मुजीबभाईंनी समोरच्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि कालची भाकरी अन् आजची भाकरी त्यावर ठेवली. सहा ग्रॅमचा फरक. त्या दिवसापासून निळव्वा अप्पांच्या भाकरीचा गोळा जरा मोठाच घ्यायची आणि वर म्हणायची, "ह्या माणसाला जेवाय घालायचं म्हंजी परीक्षा हाय परीक्षा."

मुजीबभाईंचं हायवेला टायर-पंक्चरचं दुकान. ते, निळव्वा, अप्पा आणि मी, अशी आमची रविवारची मंडळी. शेअरचं खूळ मुजीबभाईंनी आणलं. फोनवरचं सगळं मी करायचे, कारण मी मॅडम. म्हणजे यांच्या दृष्टीनं जगातलं प्रत्येक बटण मला कळतं. पण शेअर निवडायचा आमचा एक नियम होता, आणि तो अप्पांनी घातलेला. जो धंदा ज्याच्या हाताखालून जातो, त्या कंपनीचा निकाल त्यानंच द्यायचा. तेलाची कंपनी असली तर निळव्वा. टायरची असली तर मुजीबभाई. कुठल्या कंपनीचं टायर किती किलोमीटरला फाटतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? वह्या-पेनांची असली तर मी. टीव्हीवरचा कोट घातलेला माणूस काय म्हणतो त्याला आमच्यात काडीची किंमत नव्हती. फार कमावलं असं नाही, पण बुडालोही नाही.

अप्पांची पाळी मात्र कधी यायचीच नाही. सरकारी पोस्टाचा शेअर कुठं असतो? ते आपले इतरांचे निकाल ऐकायचे, मधूनच एखादा तिरका प्रश्न विचारायचे.

मग एका पार्सल कंपनीचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली विक्री, यायचं ठरलं. नाव सांगत नाही. आम्ही तिला हिरव्या पिशवीवाली कंपनी म्हणायचो, कारण तिची माणसं मोटरसायकलवर हिरव्या पिशव्या घेऊन फिरत. खेड्यापाड्यांत, वस्त्यावस्त्यांवर पार्सल पोचवणारी खाजगी पोस्ट कंपनी, अशी जाहिरात. मुजीबभाईंनी पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अप्पा, अब तुम्हारी बारी."

अप्पांचा चेहरा मी आजही विसरले नाही. सत्तरी ओलांडलेला तो माणूस एकदम ताठ बसला. पेपर घेतला आणि अर्थातच खालून वर वाचायला लागला.

पण ह्या वेळी गंमतीपुरता मामला नव्हता. निळव्वाचा गाळा भाड्याचा, आणि मालकानं तो विकायला काढला होता. तिला म्हणाला, "वर्षभर थांबतो. तुला घ्यायचा तर घे, न्हायतर मोबाईलवाला मागतोय." तिनं वीस वर्षांत साठवलेली रक्कम होती, पण थोडी कमी पडत होती. बँकेत ठेवून वर्षभरात ती पुरली नसती. ती मला हळूच म्हणाली, "मॅडम, अप्पा व्हय म्हणले तर माझे सगळे ह्यातच घाला." मी म्हटलं, "बाई, वेड लागलं का? गाळा गेला तर कुठं थापणार भाकरी?" ती म्हणाली, "अप्पांनी आजवर कुणाचं पत्र चुकीच्या घरी दिलंय का?"

अप्पांनी परीक्षा घ्यायची ठरवली. मी त्यांना कंपनीचा नफा-तोटा वाचून दाखवायला लागले तर हात वर केला. "पोस्ट कसं चालतंय ते पुऱ्या पत्त्यावर कळत न्हाय. पुरा पत्ता कुणीबी पोचवतंय. अर्ध्या पत्त्याचं काय करत्यात ते बघायचं."

निळव्वाकडून शेंगाचटणीच्या तीन पुड्या बांधून घेतल्या. एकीवर लिहिलं, ‘शकुंतला, नारळाचं दुकान, येरमाळा’. आता येरमाळ्याला येडेश्वरीच्या देवळाच्या वाटेवर नारळाची दुकानं किती, हे पाहिलेल्याला सांगायला नको. दुसरीवर, ‘रेल्वेतले बाबूराव, येडशी’. बाबूरावांना रेल्वे सोडून दहा वर्षं झालेली. तिसरी आमच्याच भागातली, ‘काशीबाई, बंधाऱ्यापलीकडं, नळदुर्ग’. फोन नंबर तिन्ही ठिकाणी मुद्दाम बंद पडलेले. तिघंही अप्पांच्या ओळखीचे, पण त्यांना काही सांगायचं नाही. अप्पा हिरव्या पिशवीवाल्यांकडं पार्सल टाकून आले आणि रोज मला विचारायला लागले, "काय झालं असंल ओ मॅडम आता? येडशीला उतरली असंल का पुडी?" परीक्षेच्या निकालाची पोरं वाट बघतात तसा हा म्हातारा तीन चटणीच्या पुड्यांची वाट बघत होता. मलासुद्धा घोर लागला.

चौथ्या दिवशी शकुंतलाचा फोन. पाचव्या दिवशी बाबूरावांचा, तोंडात चटणी असतानाच. काशीबाईची पुडी तर तिसऱ्याच दिवशी पोचली होती. तिच्याकडं फोन नसल्यानं कळायला उशीर झाला. तिन्हीच्या तिन्ही पोचल्या.

रविवारी अप्पा खानावळीत उभे राहून बोलले. एरवी ते बसूनच बोलत. "म्या छत्तीस वर्षं ह्ये काम केलंय. अर्धा पत्ता हुडकायचा म्हंजी दहा दारं वाजवावी लागतात. वर कुणी शाबासकी देत न्हाय, खाली कुणी पानी इचारत न्हाय. तरी ह्यांनी केलं. कंपनी चांगली हाय. घ्या."

आयपीओ तीन दिवस उघडा होता. पहिल्याच दिवशी मी चौघांचे अर्ज भरले. मुजीबभाईंचा एक लॉट, माझा एक, अप्पांचा एक, आणि निळव्वाचे तिच्या रकमेत बसतील तेवढे सगळे. बटण दाबायच्या आधी निळव्वाचा आकडा मी तीनदा वाचला, खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी, अर्ज बंद व्हायला तीनेक तास उरले असताना, आम्ही जेवत होतो आणि अप्पांचा फोन वाजला. अप्पांनी घास हातात धरूनच कानाला लावला. "कोण, दत्ता? व्हय. तसं न्हाय, शाळंच्या पुढनं जाऊ नको. पानी-टाकीच्या मागनं जा, बोरीचं झाड लागंल, त्याच्या डाव्या अंगाला पत्र्याचं घर. म्हातारी बहिरी हाय, कडी जोरात वाजव." फोन ठेवला, घास तोंडात घातला.

"कोण दत्ता?" मी सहज विचारलं.

"टेंपो चालवायचा बघा आधी. आता त्या हिरव्या पिशवीत हाय. पत्ता गावला न्हाय की इचारतो बिचारा."

मुजीबभाईंचा हात ताटातच थांबला. माझाही. अप्पांना मात्र अजून काहीच उमगलं नव्हतं. ते ताकाची वाटी जवळ ओढत होते. मग त्यांनी आमच्या तोंडाकडं पाहिलं, आणि ती वाटी तशीच ठेवली.

त्यांनी दत्ताला फोन लावला, स्पीकरवर. "दत्ता, दिवसातनं किती डाव इचारतोस रं मला?"

"असंल की सात-आठ डाव. का ओ अप्पा? तरास हुतोय का?"

"काशीबाईची चटणी कशी पोचवलीस?"

"तुमालाच तर इचारलं की! बंधाऱ्यापलीकडची काशीबाई कंची म्हणून. तुमीच म्हणला, लिंबाच्या वस्तीवरची."

कुणी वेळ विचारली की आपण घड्याळ बघून सांगतो आणि विसरून जातो, तसे अप्पा पत्ते सांगायचे. स्वतःच्या परीक्षेचं उत्तर स्वतःच सांगून बसले होते! मग येरमाळ्याला फोन. शकुंतला म्हणाली, "आमच्या जुन्या पोस्टमनमामांनीच तर आणून घातलं त्याला दुकानावर." येडशीलाही तेच, तिथल्या रिटायर पोस्टमननं मोटरसायकलवर बसून बाबूरावांचं घर दाखवलं होतं.

अप्पांनी ताट बाजूला सारलं. मला त्यांची कीव आली आणि कंपनीचा संताप. एवढी करोडोंची कंपनी, आणि चालते कशावर, तर तीन म्हाताऱ्यांच्या फुकटच्या भलेपणावर!

"मॅडम, अर्ज मागं घ्या," अप्पा म्हणाले. "सगळ्यांचे. म्या चुकीचं वजन केलं. पारड्यात मीच बसलो हुतो."

इतकं सरळ, इतक्या लोकांसमोर चूक कबूल करणारा माणूस मी शाळाखात्यात तरी एकही पाहिला नाही. मी माझा अर्ज रद्द केला, अप्पांचा केला, मुजीबभाईंचा केला. निळव्वाचा फोन मागितला तर ती भाकरी थापतच राहिली.

"माझा ऱ्हाऊ द्या."

"अगं निळव्वा," अप्पा म्हणाले, "ऐकलंस न्हवं? ती कंपनी पत्ता हुडकत न्हाय. मला इचारती."

"मंग तेच म्हणते की मी. कंपनी तुमच्यावर चालती. मंग चांगलीच चालंल."

"मी बहात्तरचा हाय गं!"

"असू द्या. हाव की तुमी."

अप्पांनी समजावलं, मी ओरडले, मुजीबभाईंनी हात जोडले. ती एकदा नाही म्हणाली की नाही. पाच वाजले, अर्ज बंद झाला. त्या शेअरला लोकांनी फारसा भाव दिला नाही, त्यामुळं निळव्वानं मागितले तेवढे सगळे तिला मिळाले. आणि पहिल्याच दिवशी तो घेतल्या भावाच्या खाली उघडला.

त्यानंतरचे अप्पा मला नीट आठवतात. ज्या माणसानं आयुष्यात कधी भाव पाहिला नव्हता, तो रोज दुपारी मला विचारायचा, "मॅडम, किती झाला?" मी सांगायचे. ते मान हलवायचे. निळव्वा एकदाही विचारायची नाही, आणि तेच त्यांना जास्त लागायचं. एकदा मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही काय गळ्यात पट्टा बांधून घेतलाय का? तिचं ती बघेल." ते म्हणाले, "तिनं माझ्याकडं बघून घातल्यात. पत्र चुकीच्या घरी पडलं तर पोस्टमननंच उचलून न्यायचं असतंय."

मग त्यांनी एक काम सुरू केलं. माझ्याकडनं दोनशे पानी वही मागून घेतली. सकाळी नऊला दत्ताच्या मोटरसायकलवर मागं बसायचं आणि निघायचं. कुठली वस्ती, कुठला बांध, कुठलं वळण, सगळं वहीत. मी ती वही वाचलीय. ‘चिंचेपासून तिसरं दार. चिंच वाळत चाललीय, पडली तर विहिरीपासून मोजावं.’ ‘ह्या गल्लीत पाच सुरेश. पार्सल मागवणारा शेवटचा.’ ‘सून घेत नाही, सासूच्या हातात द्यावं.’ एका ठिकाणी, ‘कुत्रं वाईट. मालक त्याहून.’ घरी आणून मी ते फोनमध्ये टाकायचे, दत्ता ते त्याच्या सोबतच्यांना पाठवायचा.

"अहो, कंपनी तुम्हाला दमडी तरी देते का?" मी एक दिवस भडकलेच. "ऊन बघा, वय बघा! ज्यांनी पगार घ्यायचा त्यांनी घाम गाळावा. तुम्ही का मरताय त्यांच्यासाठी?"

"कंपनीचं कोण करतंय?" अप्पा म्हणाले. "म्या गेल्यावर निळव्वाचं पैसं कुणाच्या जिवावर ऱ्हातील, ते करतोय."

मी दुसऱ्या दिवशी नवी वही आणून दिली.

असं वर्ष सरत आलं. दत्ता पुन्हा टेंपोवर गेला. शेअर खाली जाऊन, रखडत, लंगडत पुन्हा निळव्वानं घेतला होता त्याच भावाच्या आसपास आला होता. आमच्या वहीमुळं आला असं म्हणायला मी काही वेडी नाही. एक नळदुर्ग म्हणजे काही सगळा देश नव्हे. गाळ्याच्या मालकाची मुदत संपायला पंधरा दिवस उरले होते. कमी पडत होते तेवढे निळव्वानं वर्षभर जास्तीचे डबे देऊन जमवले होते. बाकीचे सगळे शेअरमध्ये.

त्या दिवशी अप्पा जेवायला बसले होते आणि फोन समोर ठेवून त्याच्याकडं टक लावून बघत होते.

"बिघडलाय का ओ हा? सकाळपासनं वाजला न्हाय."

निळव्वानं चुलीपासूनच त्यांना रिंग दिली. फोन खणखणीत वाजला. अप्पांनी तो कट केला आणि परत बघत बसले.

तेवढ्यात हिरवी पिशवी घेतलेला एक माणूस आत आला, डोक्याचा रुमाल सोडत. लातूरकडचा असावा, नवीनच होता. बाजूच्या टेबलावर बसला, ताट मागवलं. अप्पा थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिले, मग न राहवून म्हणाले, "पावनं, आज पार्सलं किती हुती?"

"तीस-बत्तीस."

"गावली सगळी घरं?"

"गावली की."

"वस्तीवरची? बंधाऱ्याकडची?"

"सगळी. फोनमधी लिवलंय सगळं, झाड न् झाड." त्यानं भाकरी मोडली आणि जरा त्रासूनच वर पाहिलं. "का ओ आजोबा? तुमी कोण?"

मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तुमी कोण! पण अप्पांकडं पाहिलं तर चेहरा असा फुललेला, की मी तो इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. "कुणी न्हाय बाबा," ते म्हणाले. "जेव निवांत."

मग निळव्वाकडं वळले. "निळव्वा, सुटलीस बघ. आता ती कंपनी माझ्यावर चालत न्हाय. आता ह्यात मी कुटंबी न्हाय. ठिवायचं का इकायचं, तुझं तू बघ."

निळव्वानं तव्यावरची भाकरी उलटली. पदराला हात पुसले. घड्याळात पाहिलं, बाजार बंद व्हायला अजून तासभर होता. तिनं फडताळातून आपला फोन काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तुमी न्हाय त्यात, तर मला काय करायचीय ती कंपनी? मॅडम, इका सगळे."

अप्पा ताटातली भाकरी तशीच उचलून खायला लागले, तळहातावर न जोखता.